काळ्या बाईचा डावा हात

मी सिनेमातली गुणी मुलगी बोलतेय. वीतभर उंचीची बाहुली आहे मी, आत तार आणि वर रबर. मुलांच्या सिनेमासाठी बाहुल्या बनवणाऱ्या काकांनी मला घडवलं. माझ्या पाठोपाठ तिलाही घडवलं, आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

ती म्हणजे खलनायिका, मुलांना पळवून तळघरात कोंडणारी काळी बाई. माझ्या वाट्याला दोन फ्रॉक आणि एक हसू. तिला घोळदार झगा, बदलायला बारा जोड भुवया आणि खास तिच्यासाठी जिना. माझ्यावर उजेड असा सोडायचे की मी नुसती पिठासारखी दिसायचे. तिच्या पायाशी मात्र हिरवा दिवा ठेवून अर्धा अर्धा दिवस तिची सावली भिंतीवर चढवत बसायचे. संकटात पडायचं मी, आणि कौतुक हिचं.

थिएटरच्या दारात काचेची पेटी ठेवणार होते. तिच्यात एकच बाहुली बसणार होती. ती जागा मला हवी होती. नायिका मी होते ना?

आमची दिग्दर्शिका ताई बाहुलीला केसभर हलवायची, फोटो काढायची, पुन्हा केसभर हलवायची. असे फोटो एकापाठोपाठ दाखवले की पडद्यावर आम्ही चालायचो. असं करता करता शेवटच्या प्रसंगाआधी काळ्या बाईच्या डाव्या हाताची तार तुटली. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

"नवा हात करायला किती दिवस, काका?"

"चार तरी. रबर सुकायला नको का?"

"आपल्याकडे दोनच आहेत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "हिचं काम संपलंय ना?"

संपलं होतं. त्यांनी माझा डावा हात उपटला आणि तिच्या बाहीत बसवला. घाईत रंगवायचा राहिला. हिरव्या उजेडात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दोनशे फोटो झाल्यावर प्रसंगातलं दार उघडलं, पांढरा उजेड आत आला, आणि काळ्या बाहीतून माझा गोरा, गुबगुबीत हात बाहेर आलेला दिसला. ताईने हिशेब केला. आता रंगवावा तर हात मध्येच रंग बदलणार, पुन्हा करावं तर वेळ नाही. तसाच ठेवला.

पहिल्या खेळाला मी काकांच्या खिशातून डोकावत होते. तळघराच्या दारावर तो हात आला आणि पोरांनी पाय वर घेतले. समोरची एक चिमुरडी आईला बिलगली.

"आई, तिचा हात माझ्यासारखा का आहे?"

आईने लेकीला मांडीवर ओढून घेतलं.

पेटीत अर्थातच ती बसली. मी खोक्यात पडून आहे, एका हाताची. पोरं तिच्या काचेला नाक लावून उभी राहतात म्हणे, आणि माझा नुसता जळफळाट होतो. तुम्ही तिकडे गेलात तर तिच्या तोंडाकडे बघूसुद्धा नका. हात बघा. तुम्ही ज्याला घाबरलात ना, तो माझा आहे.