गव्हाणीने पाहिलेला माज

मी एक जुनी लाकडी गव्हाण आहे. मित्रांनो, सुताराने मला अख्ख्या ओंडक्यातून कोरले, तेव्हाच माझे काम ठरले: गाईचे खाणे सांभाळायचे. मालकीणबाई मला रोज पुसायच्या आणि "हिच्यामुळे एक काडी वाया जात नाही," असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

आमची तांबडी गाय व्यायली, बादलीत दुधाची धार घुमू लागली, आणि मालकाने माझ्यातली पेंड बंद केली. "जास्त खाल्लं की जनावर माजतं," असे त्याचे पक्के मत. अहो, व्यायलेल्या गाईच्या पोटात जाते ते आधी दुधात उतरते, मग हाडांवर चढते, आणि उरलेच तर पुढच्या वासराच्या वाट्याला येते. माझ्यात तर नुसते कडब्याचे वाळके बुडखे! कमरेची हाडे वर आली, बरगड्या दिसू लागल्या, तरी हा दूध पिळतच राहिला.

महिने गेले. गाय माजावर येईना. माजावर आल्याशिवाय ती गाभण कशी राहणार? मालकाने कसायाला निरोप धाडला आणि त्याची वाट बघता बघता सोटा घेऊन गोठ्यात शिरला.

"फुकटखाऊ!"

पहिला तडाखा पाठीवर, दुसरा कमरेच्या उघड्या हाडावर. दावे आखूड, पळणार कुठे? तिसऱ्या तडाख्याला तिचे डोके माझ्या काठावर आदळले आणि शिंग मुळापासून मोडले. चारा ठेवायच्या जागी रक्त साचले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली, पण गव्हाणीला हात नसतात.

चौथा तडाखा मध्ये पडलेल्या मालकीणबाईंच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"मारा अजून!" त्या ओरडल्या. "माजेल म्हणून उपाशी ठेवलंत ना तिला? मग आता माज आणेल कुठून?"

मालकाच्या हातातून सोटा गळून पडला. तो गाईच्या बरगड्यांकडे बघतच राहिला. कसाई आला, तेव्हा मालकाने त्याला दारातूनच परत पाठवले.

मालकीणबाई डाव्या हाताने माझ्यात पेंड, भरडा, हिरवा चारा टाकू लागल्या. हळूहळू हाडे झाकली, आणि एका सकाळी गाय माजावर येऊन हंबरली. पुढे ती गाभणही राहिली.

मित्रांनो, गाय व्यायली की बादलीत डोकावण्याआधी तिच्या कमरेवरून हात फिरवा. हाड टोचले, तर तिच्या गव्हाणीत दोन ओंजळी पेंड जास्त टाका. आमच्या मालकाला आता हे सगळे कळते. गाय मात्र त्याला जवळ येऊ देत नाही.