बुडणारी पेटी

माझे बाबा होड्या बनवायचे आणि मी कपाटं बनवतो. यात कमीपणा काही नाही असं मी लोकांना सांगतो, आणि कोणी विचारलेलं नसतानाही सांगतो, यावरून काय ते ओळखा. बाबांचं म्हणणं सरळ होतं: कपाटाला बुडायची भीती नसते, म्हणून ते कोणीही बनवतं. माझ्या दुकानात आले की ते सगळ्यात नवीन कपाटापाशी जायचे, फळ्या जिथे जुळतात तिथे नख फिरवायचे आणि नख आत गेलं की समाधानाने मान डोलवायचे. "अरे, यातून वारा येतो. आतल्या कपड्यांना सर्दी होईल." त्यांनी माझं नाव फटराव ठेवलं होतं. ते इतकं चिकटलं की लाकूड पोचवायला येणारा ड्रायव्हरसुद्धा दारातून "फटराव आहेत का?" अशीच हाक मारतो, आणि मी ओ देतो.

ताईची गोष्ट वेगळी. ताई बाबांच्या वर्कशॉपमध्येच राहिली आणि होड्या बांधायला शिकली. तिची पहिली होडी तळ्यात सोडली तेव्हा बाबा बूट-मोजे काढून होडीत उतरले, अनवाणी पायांनी तिचा सगळा तळ चाचपला, कुठेच ओल लागली नाही तेव्हा एक शब्द न बोलता चहा प्यायला निघून गेले. आमच्या घरात याला पदक म्हणतात. मला ते कधी मिळालं नाही. मी मागितलंही नाही, कारण मी स्वाभिमानी आहे. म्हणजे कोपऱ्यात जाऊन रुसतो.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात आम्ही तिघं, आई, ताई आणि मी, त्यांच्या खाटेभोवती बसलो होतो. बाबा म्हणाले, "माझी राख उधळू नका. वाऱ्याने भरकटते आणि कोणाच्या तरी डोळ्यात जाते. एका पेटीत घाला आणि तळ्याच्या मध्यावर सोडा. आयुष्यभर एकेक होडी वर ठेवायची धडपड केली. खाली काय आहे ते एकदा बघायचंय मला."

ताई म्हणाली, "मी करते पेटी."

"तू नको. तुझी बुडणार नाही." मग माझ्याकडे बोट. "फटराव करेल. त्याच्या पेटीत पाणी शिरायचं काही थांबत नाही."

आई हसली, ताई हसली, सलाईन बदलायला आलेली नर्ससुद्धा हसली. मीही हसलो. आतून माझा नुसता तिळपापड झाला होता. माणूस मरायला टेकलाय आणि अजून माझ्या सांध्यांतल्या फटी काढतोय! पण त्यांनी माझा हात धरला आणि हसणं थांबवून विचारलं, "तळाशी नेशील ना मला?" मी म्हणालो, "नेतो." दिलेला शब्द तो एवढाच.

बाबा गेले. मी खूप रडलो. रडून झाल्यावर डोळे पुसले आणि मला पुन्हा राग आला. बाबांवर राग काढायला आता बाबाच नव्हते, मग तो मी लाकडावर काढला.

मी ठरवलं की पेटी अशी करायची की तिच्यात नख काय, श्वास जाणार नाही. आणि बुडवायचं काम लाकूड करेल. माझ्याकडे कधीचा एक काळ्या लाकडाचा ओंडका पडून होता. इतकं जड लाकूड की करवत त्याच्यापुढे हात टेकते. बाबा म्हणायचे, लाकूड कधी तरंगत नाही, त्याच्या बारीक नळ्यांतली हवा तरंगते. लाकूड आपलं तिच्या जिवावर मिरवतं. या काळ्या लाकडात त्या नळ्या जवळजवळ नव्हत्याच. मी एक तुकडा कापून बादलीत टाकला. तो सरळ तळाला जाऊन बसला. मी एकटाच बादलीपुढे उभा राहून टाळ्या वाजवल्या. लाकूड पाण्यात बुडवून दाखवणारा माणूस आमच्या घरात पहिलाच!

पेटी करताना मी जेवायचं विसरलो. फळ्यांच्या कडांना दात कापले, एकमेकांत बसवले, काढले, पटाशीने केसाएवढं तासलं, पुन्हा बसवले. आयुष्यात मी असं काम केलं नव्हतं, आणि केलं असतं तर कपाटांना चार गिऱ्हाइकं जास्त मिळाली असती. आईने राखेची कापडी पिशवी आणून दिली. ती आत ठेवली, झाकणाला गोंद लावला, शिकंज्यात आवळून वाळू दिलं. मग बाहेरून वॉर्निशचे हात दिले.

ताई बघायला आली. तिने पेटी उचलली, हलवली, कानाशी नेली. "पाण्यात टाकून बघितलीस?"

"बादलीत टाकला होता तुकडा. दगडासारखा गेला खाली."

"तुकडा नाही रे. पेटी."

"तू मला शिकवू नकोस," मी म्हणालो. "तुझा धंदा तरंगायचा. बुडायचं काम बाबांनी मला दिलंय."

ताईने पेटी खाली ठेवली. तिला माझा स्वभाव माहीत आहे. सांगितलेलं मी ऐकत नाही, आणि न सांगितलेलं मनाला लावून घेतो.

तर पेटी सोडायच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बाबांच्याच हातच्या होडीत बसून तळ्याच्या मध्यावर गेलो. ताई वल्ही मारत होती. आई पेटी मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्यावरून हात फिरवत होती. वारा नव्हता. मध्यावर पोचल्यावर ताईने वल्ही आत घेतली. मला वाटलं, मी चार शब्द बोलावेत. मी उभा राहिलो, होडी डगमगली, आई "बस खाली मेल्या!" म्हणून ओरडली. मी बसलो. आईने पेटी माझ्या हातात दिली. मी ती दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवली आणि सोडली.

पेटी तरंगायला लागली.

खाली गेलीच नाही असं नाही. निम्मी बुडाली, मला आशा दाखवली आणि तिथेच थांबली. वॉर्निश उन्हात काय सुंदर चमकत होतं! मी म्हणालो, "आत्ता जाईल." आम्ही वाट बघितली. मी बोटाने दाबली. ती खाली गेली आणि टुणकन वर आली. मग वल्ह्याने दाबली. ती वल्ह्याखालून निसटली आणि दुसऱ्या बाजूने वर आली. आई म्हणाली, "अरे, ह्यांना टोचू नकोस."

"लाकूड बुडतं," मी ओरडलो. "मी स्वतः बघितलंय! बादलीत!"

"लाकूड बुडतंच," ताई म्हणाली. "पण पाणी नुसतं लाकूड कुठे बघतंय? लाकूड, राख आणि तू आत कोंडलेली हवा, सगळ्यांचं मिळून एकच वजन. पेटीने जेवढी जागा अडवलीय तेवढ्या पाण्याचं वजन त्याहून जास्त आहे. मग पाणी तिला वर उचलणारच. लोखंडाची जहाजं काय लोखंड हलकं असतं म्हणून चालतात?"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले होते."

बोलली होती. बाबांनी आयुष्यात माझ्या एकाच गुणावर भरवसा टाकला होता, माझ्या फटींवर, आणि नेमक्या त्याच वेळी मी सुधारलो होतो. तळाशी नेतो म्हणालो होतो आणि माझ्या हातून झाली होती उत्तम होडी.

ताई म्हणाली, "होडीचा नांगर बांधू या का पेटीला? मी नवा घेईन."

"बापाला लोखंड बांधून बुडवणार?" आई म्हणाली. "खुनी आहोत का आपण?"

ते राहिलं. मी पेटी पुन्हा होडीत ओढली आणि झाकण उघडायला गेलो. ते हलेना. खिशातला चाकू सांध्यात घालायला गेलो, तर घालायला जागाच नव्हती. जन्मभर माझ्या फळ्या एकमेकींशी फटकून राहिल्या आणि आज या बयांनी एकी केली होती. ताईने पेटी माझ्या हातातून घेतली. सगळ्या कडांवरून सावकाश नख फिरवलं, एकदा, मग उलट बाजूने पुन्हा. तिचा चेहरा गंभीर झाला. "नख जात नाहीये रे कुठेच," ती म्हणाली. "बाबांनी बघायला हवं होतं."

तिने होडीतल्या डब्यातून गिरमिट काढून माझ्यापुढे धरलं. "भोक पाडावं लागेल. तू पाडतोस की मी?"

मी हात पुढे केला नाही. खरं सांगतो, त्या वेळी माझ्या डोक्यात बाबा नव्हते, पेटी होती. एवढं चांगलं काम मी कधी केलं नव्हतं, पुन्हा होईल याची खात्री नव्हती, आणि ते ज्याला दाखवायचं होतं तो माणूस त्याच्याच आत होता. "त्यांनी मला चेष्टेने दिलं होतं हे काम," मी म्हणालो. माझा आवाज लहान मुलासारखा चिरकला. "मी खराब करतो म्हणून दिलं होतं."

आई वैतागली. "अरे, आजारी पडल्यापासून माझ्यामागे लागले होते. पेटी त्याच्या हातची हवी, त्याच्या हातची हवी. पण सरळ सांगतील तर ते कसले!"

"मग मला सांगायचं ना!"

"तुला सांगायची सोय आहे? तूही त्यांच्यासारखाच."

मी गिरमिट घेतलं. पेटीच्या तळाला मध्यभागी टोक टेकवलं आणि फिरवायला लागलो. काळा भुसा आईच्या बुटांवर पडत होता. लाकूड इतकं कठीण की माझ्या तळहाताची सालं निघाली. शेवटी आरपार गेलं. मी होडीच्या काठावरून वाकलो, पेटी पाण्याखाली दाबून धरली, आणि काहीच होईना. एक थेंब आत जायला तयार नाही.

"हवेला बाहेर पडायला वाट कुठे आहे?" ताई म्हणाली. "वरही एक पाड."

मी पेटी वर काढली आणि झाकणालाही भोक पाडलं. वॉर्निश तडकलं. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

मग पुन्हा वाकलो आणि पेटी दोन्ही हातांनी पाण्याखाली धरली. झाकणातून बुडबुडे यायला लागले. सुरुवातीला पेटी माझ्या तळव्यांना जोर लावून वर ढकलत होती, बाबा वाद घालताना जसे टेबलावरून पुढे सरकायचे तशी. मी खाली रेटत होतो. मग तिचा जोर कमी होत गेला. मग एक वेळ अशी आली की हातांना काहीच लागेना. वर नाही, खाली नाही. पेटी पाण्यात नुसती होती आणि माझे हात तिच्या भोवती होते. ताई अगदी हळू म्हणाली, "बरोबरी झाली. आता पाणी आणि पेटी सारखी."

आणि मग ती जड झाली. अगदी थोडीशी. मला कळायच्या आत माझे हात वरून निघाले आणि तिच्या खाली गेले. ज्याला तळाशी न्यायला मी आलो होतो त्याला मी पाण्यात धरून बसलो होतो.

"सोड आता," ताई म्हणाली.

"थांब."

बुडबुडे येत होते. पेटी माझ्या हातांवर जास्त जास्त टेकत होती. पाणी गार होतं.

"आई," मी म्हणालो, "मला नाही सोडवत गं."

आई सरकून माझ्याशेजारी आली. तिने बाही वर केली नाही, तशीच वाकली, पाण्यात हात घातला आणि माझं एकेक बोट बाजूला केलं. शेवटचं बोट सुटलं तेव्हा पेटी जराशी तिरकी झाली आणि गेली. काळ्या लाकडामुळे ती लगेच दिसेनाशी झाली. फक्त बुडबुडे वर येत राहिले, आधी भराभर, मग एखाद-दुसरा. आम्ही तिघं वाकून बघत होतो. मग तेही थांबले.

"पोचले हे," आई म्हणाली.

माझे हात अजून पाण्यातच होते.