अर्ध्या मीटरची पट्टी

यशपाल सरांनी पिशवीतून लाकडी पट्टी काढली, रुमालाने पुसली आणि लक्कव्वाच्या फुलांच्या टोपलीवर आडवी ठेवली.

“अर्ध्या मीटरची आहे. शिक्का बघून घ्या, अक्का.”

लक्कव्वाने शिक्का बघितला नाही. तिचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि गळ्यात अडकवलेला होता. बाहेर आलेली बोटं तेवढी हलत होती. शेजारी तिची सून गौतमी मोगऱ्याची माळ उलगडत बसली होती.

“शेवटाला तुमचंच खरं झालं बघा, सर,” लक्कव्वा म्हणाली.

सर हसले नाहीत, पण त्यांना आनंद झाला होता आणि तो लपत नव्हता. गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता. कायद्याने मीटर देशात आला, आता तो लोकांच्या तोंडी यायला हवा. फूट नको, गुंठा नको, तोळा नको. त्यासाठी ते दिल्लीला अर्ज धाडत, शाळांतून भाषणं देत. रंगाऱ्याने चौरस फुटाचा भाव सांगितला म्हणून एका दिवाळीला त्यांचं घर बिनरंगाचंच राहिलं होतं. भातात दोन बोटं पाणी ठेवा, असं बायको म्हणाली की ते विचारत, “कुणाची बोटं?” शेवटी तिने कुकर त्यांच्याच गळ्यात घातला. सगळं केशवापूर त्यांना ‘मीटर सर’ म्हणे. तोंडावर नाही, पण फार लांब जाऊनही नाही.

फुलवाल्यांचा मोळ म्हणजे तर त्यांचा जुना वैरी. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत माळ धरायची की झाला एक मोळ. ज्याचा हात जेवढा, तेवढं त्याचं माप. लक्कव्वा उंच बाई, तिचा हात अर्ध्या मीटरला अगदी बरोबर भरतो, हे सरांनी टेप लावून दाखवलंही होतं. तरी ती पट्टी घेईना. वर कापताना बोटांच्या पुढे माळ आणखी थोडी सुटू द्यायची.

“हे जास्तीचं झालं, अक्का. माप चुकलं.”

“ते मापात नसतंय, सर,” असं म्हणून ती कात्री चालवायची.

मग टोपलीजवळच्या ओल्या फरशीवर ती घसरली. मोजायचं काम गौतमीकडे आलं. गौतमी चणीने लहान, तिचा मोळही तसाच. गिऱ्हाइकं कुरकुरली आणि एकेक करून समोरच्या सोनाबाईकडे वळू लागली. तेव्हा लक्कव्वाने आपण होऊन सरांना बोलावणं धाडलं होतं.

शुक्रवारची संध्याकाळ होती, फुलांना मागणी होती. सरांनी मोबाईल हातात तयार ठेवला. बाजारातल्या या पहिल्या पट्टीचा फोटो त्यांना पुढच्या अर्जाला जोडायचा होता.

बँकेत काम करणारी सविता नेहमीची. तिने दोन माळा मागितल्या. गौतमीने माळ पट्टीवर ताणली, टोकाशी नख रोवलं आणि तिथेच कापली. सविताने ती वेणीला लावून बघितली.

“कमी वाटालंय की, लक्कव्वा.”

“बरोब्बर अर्धा मीटर हाय, अक्का,” गौतमी म्हणाली.

“असंल,” असं म्हणून सविताने एकच माळ घेतली आणि रस्ता ओलांडून सोनाबाईकडे गेली. तिच्यामागून आलेल्या बाईने पट्टी बघितली आणि ती थांबलीच नाही.

लक्कव्वा रागावली नाही. रागावली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

“डॉक्टर म्हणालेत, हात पैल्यासारका सरळ हुणार न्हाई,” ती म्हणाली. “हिचा मोळ तोकडा. तुमची पट्टी बी तोकडी पडाली. आता कसं करायचं, सर?”

“पट्टी तोकडी नाही, अक्का. तुमच्या हाताएवढीच आहे.”

हे बोलताना सरांना वाईट वाटलं. गणित बरोबर होतं आणि टोपली भरलेली होती. गौतमीने पुढची माळ पट्टीवर घेतली. पुन्हा टोकाशी नख. एक पाकळीही पलीकडे जाऊ दिली नाही. मघाशी सरांनीच तिला तसं शिकवलं होतं.

सर त्या नखाकडे बघत राहिले. मग त्यांनी मोबाईल खिशात घातला.

“गौतमी, थांब. पट्टी संपली की पुढं दोन बोटं सोड. मग काप.”

गौतमीची कात्री थांबली. लक्कव्वाने मान वर केली.

“कुणाची बोटं, सर?”

रस्त्यावरून धारवाडची बस गेली. सरांनी तिच्या प्लास्टरबाहेर आलेल्या बोटांकडे बघितलं.

“तुमची, अक्का.”

लक्कव्वा पुढे सरकली. प्लास्टरचा हात डाव्या हाताने उचलून तिने टोपलीच्या कडेवर टेकवला आणि पट्टीच्या टोकापुढे आपली दोन बोटं ठेवली. गौतमीने माळ त्यांच्या पलीकडे नेली आणि कापली.

“सर, ह्ये किती झालं म्हणून सांगू गिऱ्हाइकाला?” तिने विचारलं.

“अर्धा मीटर,” सर म्हणाले.