चुकीच्या गाडीचा माग

गुन्हेगारांच्या गाड्यांखाली माग काढणारं यंत्र चिकटवायचं, तेही कोर्टाची परवानगी काढून, हे आमच्या विभागाचं काम आणि मी त्याची प्रमुख. त्यामुळे हा घोळ माझ्याच माथी.

म्हाताऱ्यांना गंडवणाऱ्या एका दलालाची पांढरी गाडी बाजारामागे उभी असायची. सरकारी गाडी तो लांबून ओळखतो, म्हणून टेहळणीला मी भाऊजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची, गाडी मागून नेली. तीही पांढरी. आणि अतिशहाणी मी, ती नेमकी त्याच्या गाडीला खेटून लावली. आमच्या तंत्रज्ञानं वाकून यंत्र चिकटवलं ते भाऊजींच्या गाडीला. "आटप लवकर" म्हणून मीच त्याचा जीव खात होते, तेव्हा त्याला बोलायचं कुठल्या तोंडानं?

आठवडाभर पडद्यावरचा ठिपका सकाळी एका गल्लीतून निघे आणि तलावाकाठी संध्याकाळपर्यंत ढिम्म उभा राही. अड्डा सापडला म्हणून आम्ही खूश. ताईची गल्ली मला नकाशावर ओळखता आली नाही, यावर काय बोलावं! शेवटी माणूस पाठवला. त्यानं फोटो धाडला: गाडीत एकटेच डबा खात बसलेले भाऊजी, मांडीवर नोकरीच्या जाहिराती. म्हणजे त्यांची नोकरी गेली होती आणि घरी कुणाला पत्ताच नव्हता.

आणि ताई तर दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नोकरीचा राजीनामा देणार होती. यांचं आता छान चाललंय, मी जरा दम खाते, असं तिनं मला फोनवर सांगितलेलं. आणि मला तिच्याजवळ ब्रही काढता येईना. चुकून कळलेलं पुसून टाकायचं, घरी न्यायचं नाही, हा नियम मीच सगळ्यांना घोकून घोकून शिकवलाय. जळला मेला तो नियम!

यंत्र काढायला त्याच दुपारी मी स्वतः तलावाकाठी गेले. गाडीखाली हात घालते तोच भाऊजी दार उघडून बाहेर आले. मी काय झालं ते सांगितलं, आणि तपास चालू आहे, यंत्राचं कुणाजवळही बोलू नका, असंही बजावलं. त्यांचा चेहरा पार उतरला.

"ताईला सांगणार?"

"मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं. तिचा राजीनामा उद्या आहे."

त्यांनी जाहिरातींची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "यंत्र आजच्या दिवस राहू दे. मी घरी जातोय. मध्येच कुठं वळलो तर तुला दिसेल, फोन कर."

"तुमच्या नावाची परवानगी नाही," मी म्हटलं. यंत्र काढून पिशवीत टाकलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "चला."

प्रत्येक चौकात गाडी मंदावली, पण वळली नाही. भाऊजींनी दारातच, चपला काढायच्या आधी, सगळं सांगून टाकलं. ताई मटकन खाली बसली, रडली, मग त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली. परत येऊन तिनं मला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

मी गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्पच.

त्या दिवसापासून ताईचा माझ्याशी अबोला आहे. भाऊजींशी मात्र ती पुष्कळ बोलते.