वाकडं हसू

आमच्या छायाचित्र मंडळात सगळे हौशी. चिटणीस दातांचे डॉक्टर, एकाची बेकरी, आणि मी इस्पितळात एक्स-रे काढणारी. आठवडाभर मी माणसांना दरडावत असते, "श्वास रोखा, हलू नका." म्हणून रविवारी फक्त हलणाऱ्या गोष्टींचेच फोटो काढायचे, हा माझा नियम. हिवाळ्यात धुक्यातून बाहेर येणारे सायकलवाले, उन्हाळ्यात ट्रकमधून फेकलेली कलिंगडं झेलणारे हमाल, पानगळीत वाऱ्याशी भांडत रस्ता झाडणाऱ्या बाया. सकाळी मिळेल ती बस पकडायची, वाटेल तिथे उतरायचं आणि संध्याकाळी पाय ओढत घरी यायचं. "बाईमाणसानं असं एकटं भटकावं का?" असं दादा विचारतो. मी पन्नाशीला आले तरी विचारतो. मीही ऐकून न ऐकल्यासारखं करते.

गेल्या वर्षी आईला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, बोलणंही आलं, पण चेहऱ्याची डावी बाजू ओघळली ती ओघळलीच. आई शिवणकाम करायची. अख्ख्या गल्लीचे कपडे तिने शिवले आणि शिवता शिवता अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढली. अशी बाई घरात तोंड लपवून बसली. दारावर कुणी आलं की ओठांवर रुमाल. जेवायची तीसुद्धा भिंतीकडे तोंड करून. मला राग यायचा. तिचा नाही, तिला बघून 'अरेरे' करणाऱ्यांचा. दादा वेगळा राहतो, दर आठवड्याला फळं घेऊन येतो, पण आजाराचं नावही घेत नाही. 'आईचं ते' म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो.

पावसाळ्यात एका रविवारी मी तिला म्हटलं, "नदीवर होड्यांचे फोटो काढायचेत. कॅमेऱ्यावर छत्री धरायला माणूस हवंय. चल."

"शेजारणीला ने."

"ती कॅमेऱ्यावर नाही, स्वतःवर धरेल."

हे मात्र तिला पटलं. बसमध्ये पूर्णवेळ रुमाल तोंडावरच होता. पण धक्क्यावर पाऊस तिरपा यायला लागला, डाव्या हातात तिच्या जोर नाही, म्हणजे छत्री उजव्या हातातच धरायला हवी. रुमाल पिशवीत गेला. तेवढ्यात एका नावाड्याने आमच्याकडे बघत, केस मागे सारत, मोठ्या ऐटीत होडीतून पायरीवर उडी मारली आणि चिखलात फतकल मारून बसला. आई खदखदून हसली. मी वळले आणि बटण दाबलं.

"मेले, विचारायचं तरी!" ती ओरडली. छत्री कलंडली, कॅमेरा भिजला, मीही भिजले.

आडोशाला उभं राहून तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो बघितला. बराच वेळ बघितला. हसताना तिचं तोंड एकाच बाजूला वर जातं, दुसरी बाजू जागची हलत नाही, डावा डोळा अर्धा मिटलेला. तिने आजारानंतर स्वतःला आरशातसुद्धा एवढं पाहिलं नसेल.

"हाच लाव तुमच्या मंडळाच्या त्या प्रदर्शनात," ती म्हणाली. "सगळ्यांना एकदाच काय ते बघू दे. रुमाल धरून धरून हात दुखतो माझा."

मला आनंदाने रडूच आलं. हा फोटो भिंतीवर लागला की आई घराबाहेर पडणार होती, इतका साधा हिशेब होता.

मोठी प्रत काढायला मी तो फोटो आमच्या ओळखीच्या स्टुडिओवाल्या काकांकडे दिला. काकांचा जन्म लग्नाच्या अल्बमांत गेला. काळ्याला गोरा करायचं आणि टकलावर केस उगवायचे, हे ते न सांगता करतात. मी माझ्या फोटोला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. पण प्रदर्शनाच्या दिवशी मला सकाळची ड्यूटी होती, म्हणून तो आणून सभागृहात लावायचं काम दादाने अंगावर घेतलं.

दुपारी मी आईला घेऊन पोचले. ती ठेवणीतले कपडे घालून आली होती. फ्रेमसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ही कोण?"

मी बघितलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईच्या चेहऱ्याची चांगली बाजू उलटी करून दुसऱ्या बाजूला बसवली होती. दोन्ही डोळे तंतोतंत सारखे, ओठ दोन्हीकडून मोजून मापून वर. ओठावरचा तीळसुद्धा दोन्हीकडे. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"काल घ्यायला गेलो तेव्हा मीच सांगितलं काकांना," दादा म्हणाला. "रात्रीतून करून दिलं बिचाऱ्यांनी. किती छान दिसतेय बघ."

"कुणाला विचारून?"

"अगं, माझ्या ऑफिसातले लोक येणार आहेत. त्यांनी आईला असं बघायचं?"

"असं म्हणजे कसं?" आईने विचारलं. दादा खिडकीबाहेर बघायला लागला. "सांग ना. मी समोर उभी आहे."

चिटणीस घाईघाईने आले. उद्घाटन तोंडावर आलंय, आता बदल नियमात बसत नाही, वगैरे.

"नियमात सभासदाने काढलेला फोटो बसतो ना?" मी म्हटलं. "हा काकांनी केलाय. तेव्हा नियमानेच उतरवते." स्टुलावर चढले आणि फ्रेम काढून दादाच्या हातात दिली.

कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं. मूळ फोटो कॅमेऱ्यात होता. चार साध्या कागदांवर, काळ्यापांढऱ्यात, चार तुकडे करून छापायला सांगितला. दुकानदाराने पडद्यावर बघून विचारलं, "मॅडम, तोंड जरा सरळ करून देऊ?"

"आधी तुमचा कागद सरळ घाला," मी म्हटलं. खरोखरच तिरका चालला होता.

चारही कागद चिकटपट्टीने जोडले. जोड नेमका नाकावर आला. चिटणिसांनी कपाळाला हात लावला, पण टाचण्या त्यांनीच आणून दिल्या. आई मागे सरकून बघत होती. हसत होती, वाकडीच.

दादा फ्रेम पोटाशी धरून उभा होता. "निदान हा घरी तरी लावू," तो म्हणाला. "फुकट नको जायला."

"ने की. जपून ठेव," आई म्हणाली. "मी मेल्यावर खुशाल लाव. तेव्हा मला उलट बोलता येणार नाही. आज मी जिवंत आहे. आज माझाच लागणार."

दादाचे डोळे भरून आले. "आई, मला बघवत नाही गं."

"सवय कर," आई म्हणाली. "मीही केली."

दार उघडलं. सगळ्यांत आधी आत शिरले ते दादाच्याच ऑफिसातले दोघे, हातात फुलं घेऊन. ते भिंतीकडे बघतात न बघतात तोच आई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, उजेडात, पूर्ण तोंड त्यांच्याकडे करून.

"या," दादाकडे बोट दाखवून ती म्हणाली. "मी ह्याची आई."