पेडण्याची रिकामी बरणी

झाकण उघडल्यावर आधीच्या मेकॅनिकला शिवी घातली नाही, असा मेकॅनिक अजून जन्माला यायचा आहे. पेडण्याच्या बाजारात चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सगुण मेस्त्रीचा या कलेत हात धरणारा कोणी नव्हता. "कोणा गाढवान हात लायलो हेका?" हे वाक्य तो मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांना ऐकवायचा. एकदा म्हापशाच्या दाताच्या डॉक्टरने त्याच्या तोंडात डोकावून हेच विचारलं, तेव्हा त्याला त्या डॉक्टरबद्दल फार आपुलकी वाटली होती.

सगुणच्या दुकानाची शान म्हणजे काचेआडचा जुना जर्मन व्हॉल्व रेडिओ. त्याच्या कपाळावर नाण्याएवढा काचेचा डोळा होता, ज्याला धंद्यात मॅजिक आय म्हणतात. स्टेशन नेमकं लागलं की त्यातल्या हिरव्या उजेडाच्या पाकळ्या मिटत येतात, सुटलं की फाकतात. हे डोळे वापरून वापरून विझतात, म्हणून सगुण तो रेडिओ गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तरच लावायचा. बाजूला पाटी होती: सर्व भाग ओरिजिनल. हरमलला उतरलेले पर्यटक स्कूटरवरून तो बघायला यायचे. त्यांतल्याच एकाने काढलेला व्हिडिओ गोवाभर फिरला आणि फिरत फिरत साखळी गावातल्या तनयाकडे गेला. तिने फोन केला, "माझ्या आजीचा रेडिओ आहे. इथे जवळचे मेकॅनिक आजीला नकोत. म्हणते, ह्या व्हिडिओतलाच माणूस पाहिजे."

सगुणची छाती दोन इंच फुगली.

आजी म्हणजे पद्मावतीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, वय वर्षं शहात्तर, साखळी बाजारामागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. दार उघडल्या उघडल्या त्यांनी नियम सांगितले. "रेडिओ घरांतल्यान भायर वचचो ना. आनी काडलेलो दरेक पार्ट हांगा टेबलार दवरपाचो. काम हांव बसून पळयतलें."

रेडिओ त्यांच्या सासऱ्यांनी पाकले, म्हणजे पोर्तुगीज, गोवा सोडून जात असताना त्यांच्यातल्याच एका कारकुनाकडून घेतलेला. पेटी देखणी होती, पण डोळ्याच्या जागी एक टिचभर दिवा हिरवा मिणमिणत होता. सगुणने नुसतं पुढून पाहिलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "बाई, जाणें हो डोळो काडलो, तो मेकॅनिक न्हय, कसाय. असल्याक बसींत लेगीत चडूंक दिवंक जायना."

मग त्याने मागचं झाकण काढलं.

दिव्याभोवती हिरव्या पेपरमिंटचा कागद गुंडाळला होता. चौपदरी घडी, वर निळ्या तारेचे तीन वेढे, आणि तारेचं टोक आत खोचलेलं. अशी तार अख्ख्या गोव्यात एकच माणूस बांधतो, आणि तो या क्षणी पद्मावतीबाईंच्या खुर्चीवर बसला होता.

सगुणला सगळं आठवलं. साल एक्याऐंशी. तो वीस वर्षांचा, त्याचा उस्ताद तापाने पडलेला, म्हणून एकटाच साखळीला आलेला. तेव्हा हे कुटुंब उतारावरच्या कौलारू घरात राहायचं. साधी वायर सुटली होती, पण रेडिओतला डोळा पाहून याचीच मती फिरली. डोळा फुटला, फेकून दिला, असं सांगून त्याने तो रुमालात गुंडाळून नेला आणि बदली दिवा बसवला. तोच डोळा आज पेडण्यात 'सर्व भाग ओरिजिनल'च्या शेजारी लोकांना मिचकावत होता.

तेवढ्यात बाईंनी कपाटातून लोणच्याच्या बरण्या काढून टेबलावर मांडल्या. प्रत्येकीवर मास्तरणीच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती. म्हापसा १९७४, आत दोन कंडेन्सर. डिचोली १९७७, आत व्हॉल्यूमचं बटन. दोडामार्ग १९८८, आत डायलची दोरी. मेकॅनिकने काढलेला भाग त्याच्याकडून मागून घेऊन त्याच्या गावाच्या बरणीत टाकायचा, हा बाईंचा शिरस्ता. नाव माणूस खोटं सांगतो, बस कुठली पकडतो ते लपत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एकच बरणी रिकामी होती. पेडणें १९८१. खाली लिहिलं होतं: 'फुटला म्हणाला. दाखवला नाही.'

"कोण आसतलो रे तो?" बाईंनी विचारलं. "तुज्याच गांवचो."

आता सगुणची पंचाईत झाली. शिव्या सुरू तर त्यानेच केल्या होत्या. एकदम थांबलं तर संशय येणार. म्हणून तो तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात शिव्या देत राहिला. पहिल्या दिवशी त्याने त्या चोराचे हात झडवले, दुसऱ्या दिवशी त्याच्या उस्तादाचा उद्धार केला, त्या बिचाऱ्या उस्तादाला जाऊन बारा वर्षं झाली होती. बाई उंडो पाव आणि चहा पुढे ठेवून मन लावून ऐकायच्या.

"तेका झोप लागता आसतली?"

बरीच लागता, असं सगुणच्या अगदी ओठावर आलं होतं. त्याने चहाचा घोट घेतला.

काम मात्र तो जीव ओतून करत होता, हे कबूल करायला हवं. दोडामार्गवाल्याने डायलला मासे गरवायची तंगूस लावली होती, आणि तीही उलटी, त्यामुळे काटा डावीकडे नेला की स्टेशन उजवीकडे पळायचं. नंतरच्या कुणा शहाण्याने आत ट्रान्झिस्टरची पट्टी घालून सगळे व्हॉल्व, म्हणजे काचेच्या जुन्या नळ्या, बेकार केले होते. ते बिचारे लग्नातल्या म्हाताऱ्यांसारखे नुसते शोभेला पेटून बसायचे. सगुणने पट्टी काढली, व्हॉल्व कामाला जुंपले. पेटीतले उरलेले जुने कंडेन्सर पोकळ करून आत नवे घातले आणि टोकं मेणाने बंद केली. वरून बघणाऱ्याला सत्तर वर्षांपूर्वीचाच माल दिसावा.

डोळ्यासाठीही त्याने हातपाय मारले. तनयाला सांगून दिल्लीहून एक मागवला. आला तो मेलेला. दुसरा चालू निघाला, पण त्याच्या पिनाच वेगळ्या. "आसूं दी तो दिवोच," सगुण हळूच म्हणाला. "रेडिओ वाजता हें म्हत्वाचें. डोळो नुसती चैन."

बाईंनी रिकाम्या बरणीची चिठ्ठी आपल्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "म्हज्या घोवाक ती चैन न्हय आसली."

त्यांचे यजमान रघुनाथ खाणीवर सुरुंग लावायचे. पंचविशी-तिशीतच त्यांचे कान गेले. तरी संध्याकाळी कामावरून आले, हातपाय धुतले की रेडिओसमोर बसायचे. ऐकू काही येत नसे, पण डोळ्याकडे बघत बटन फिरवायचे. पाकळ्या मिटल्या की मागे वळून बायकोला विचारायचे, "लागलां?" बाई मान हलवायच्या. बायकोला गाणी लावून द्यायची, हे त्यांचं काम होतं.

"डोळो गेलो तशे ते बटनाक हात लायनासले जाले," बाई म्हणाल्या. "दिवो म्हटल्यार कसो, स्टेशन लागूं वा ना लागूं, सारकोच पेटता. आनी दोन वर्सांनी तेच गेले."

त्या दिवशी सगुणला एकही शिवी सुचली नाही. आपण काचेचा एक तुकडा उचलला, असं त्याने आयुष्यभर धरून चाललं होतं, आणि गेलं होतं ते एका माणसाचं बायकोशी बोलणं. त्याला स्वतःची किळस आली. साखळी ते म्हापसा आणि म्हापसा ते पेडणे, दोन्ही बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकान उघडलं आणि आपल्या रेडिओचा डोळा काढला. बायको शेवंती झाडू घेऊन दारात उभी होती. कपाळाला भोक पडलेला रेडिओ तिने बघितला आणि म्हणाली, "आतां हेका चश्मो लाय." सगुणने डोळा कापसात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवला आणि बस पकडली. शुक्रवार होता. म्हापशाच्या बाजाराची गर्दी अंगावर, शेजारणीची सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची टोपली मांडीवर, आणि डबा पोटाशी. "इतलें कितें आसा रे डब्यांत?" तिने विचारलं. "दुसऱ्याचें," सगुण म्हणाला.

बाईंच्या टेबलावर त्याने डबा उघडला. कुठून आणला हे सांगायच्या ऐवजी त्याने पकड हातात घेतली. बाईंनीही विचारलं नाही. त्याने दिवा काढला, डोळा बसवला, बटन दाबलं. व्हॉल्व तापायला मिनिटभर लागलं. मग काचेत हिरवं फुललं. सगुणने बटनाला हात लावला आणि काढून घेतला. "बाई, तुमी."

बाईंनी कान बंद केले, दोन्ही हातांनी नव्हे, एकच हात मोकळा होता म्हणून एकच कान. दुसरा उशीत दाबावा तसा खांद्यावर टेकवला आणि डोळ्याकडे बघत बटन फिरवत गेल्या. पाकळ्या जवळ आल्या, मिटल्या. कुणीतरी माडावरच्या किडीवर औषध कसं मारावं ते सांगत होतं. बाईंनी मागे वळून बघितलं.

सगुणने मान हलवली.

मग शिरस्त्याप्रमाणे त्याने काढलेला भाग त्यांच्या हातावर ठेवला: दिवा, पेपरमिंटचा कागद, निळी तार. बाईंनी रिकाम्या बरणीचं झाकण फिरवलं, सगळं आत टाकलं आणि झाकण घट्ट लावलं.

"तुमका कळ्ळां केन्ना?" सगुणने खाली बघत विचारलं.

"तनयान मोबायलार दाखयलो तेन्ना. धा वर्सां तेच्यांत पळयल्लें. म्हजो डोळो हांव वळखुची ना?"

"मागीर पयल्याच दिसा कित्याक उलयलीं नात?"

"तू तेका गाळी घालतालो," बाई म्हणाल्या. "इतल्यो बऱ्यो घालतालो, मदींच कित्याक उलोवप?"

सगुणने पाने-पकडी पिशवीत भरल्या. जाताना हिंमत करून म्हणाला, दुकानातला रेडिओ आंधळा झालाय, तो दिवा आणि कागद मिळाला तर बरं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. बरणीत गेलेलं बाहेर येत नसतं. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, हिरव्या कागदातलं एक पेपरमिंट काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"वाटेर खा. कागद उडयनाका."

म्हापशाची बस सुटली तेव्हा सगुणने पेपरमिंट तोंडात टाकलं, कागदाची चौपदरी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. 'सर्व भाग ओरिजिनल' ही पाटी पुसायला दुकानात रॉकेल आहे का, ते तो आठवत बसला.