आता कुठवर आला असेल

राकेशने ललिताबाईंच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, हात जोडले आणि जागा शोधत बाबुरावांच्या शेजारी येऊन बसला. बाबुरावांच्या बायकोच्या जलदान विधीसाठी खडकीच्या त्या दोन खोल्या माणसांनी भरल्या होत्या. बाबुरावांचा मुलगा अभय अमेरिकेत ज्या कंपनीत होता, तिच्याच बंगळुरूच्या ऑफिसात हा राकेश होता.

"काका, बातमी आली तेव्हा मी अभयजवळच होतो. पार हादरला होता तो."

"म्हणजे तुम्हीही तेव्हा अमेरिकेत होतात?"

"नाही हो, बंगळुरूलाच. तो महिनाभर तिथेच आहे ना. मी म्हटलं, संध्याकाळच्या फ्लाइटने जा, रात्री घरी पोचशील. पण प्रोजेक्टची डिलिव्हरी होती, क्लायंट येऊन बसलेला..."

बाबुरावांचा चेहरा पाहून तो गप्प झाला.

"बाबा, मिळेल त्या विमानाने निघतो. फ्रँकफर्टला बदलावं लागेल. तोवर आईला ठेवा," असं अभय फोनवर म्हणाला होता. तेवढ्या शब्दावर बाबुरावांनी बायकोला दोन रात्री बर्फावर ठेवलं. लाद्या सरकवून लेक आम्रपालीची बोटं बधिर झाली. नातेवाईक कुरकुरू लागले, तेव्हा बाबुरावांनी नातवाचा शाळेचा नकाशा मांडीवर घेतला आणि येईल त्याला बोट ठेवून दाखवलं. आता समुद्र ओलांडला असेल, आता जर्मनी, आता इराण. सगळा जन्म दारूगोळा कारखान्यात काढलेला माणूस, पण पोराच्या शब्दावर शंका घ्यावी असं काही त्याच्या मनात आलं नाही. बायको समोर निजलेली आणि हा वेडा रिकाम्या आभाळात विमान शोधत बसला होता.

भन्तेजींचं प्रवचन संपलं. ललिताबाईंचे भाऊ हिंमतराव श्रद्धांजलीसाठी उभे राहिले. त्या दोन दिवसांत सगळ्यांत जास्त तेच चिडले होते.

"माझं चुकलं, भाऊजी. पोरगं जगाच्या त्या टोकावरून आईसाठी धावत आलं. असा मुलगा नशिबानं मिळतो."

सगळे बाबुरावांकडे पाहू लागले. दाराशी पांढऱ्या सदऱ्यात उभ्या असलेल्या अभयने राकेशकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाबुरावांना ओरडावंसं वाटत होतं. रागही आला होता, आणि लाजही वाटत होती.

"हो," ते म्हणाले. "फार लांबून आला."

जेवणं सुरू झाली. अभय ताट घेऊन वडिलांसमोर येऊन बसला.

"बाबा, मी तुम्हाला सांगणारच होतो..."

"आम्रपाली," बाबुरावांनी वाढणाऱ्या लेकीला हाक मारली. "माझी वेळ आली की त्याच दिवशी उरकून टाका. कुणासाठी थांबायचं नाही."

"काहीतरीच काय बोलता बाबा! दादा येईस्तोवर तरी थांबू की."

"नको. दादा लांब असतो," बाबुराव म्हणाले आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांनी अभयच्या डोळ्यांत पाहिलं.